लॉर्डसाहेबांचं वर्कशॉप

हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एखादा तरी ‘पिढीजात’ जॉब असतो. फर्स्ट इयरला फिटिंगच्या तासाला करायचा तो लोखंडाचा चौकोनी तुकडा. कुणीतरी, कधीकाळी, खरोखर फाइल मारून बनवलेला. मग तो सुपर सीनियरकडून सीनियरकडे आणि सीनियरकडून ज्युनियरकडे वारसाहक्काने येत राहतो. सबमिशनच्या आदल्या रात्री त्यावर पॉलिश पेपर मारायचा, जुना रोल नंबर घासून नवा ठोकायचा, की काम फत्ते! जर्नलचंही तेच. आधी ग्राफ काढायचा आणि मग त्यात बसतील अशी रीडिंग्ज ‘घ्यायची’. मिनी प्रोजेक्ट तर बाजारात तयारच मिळतो, रिपोर्टसकट.

यावर आपण सगळे हसतो. गॅदरिंगला यावर स्किटही होतं. पण माझं म्हणणं असं आहे, की इंजिनियर व्हायला निघालेल्या माणसाने आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टाळायची आणि वर त्यावर हसायचं, हे काही ठीक नाही. आणि हे पटवून द्यायला मी कुणा गरीब, कष्टाळू, दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाची गोष्ट सांगणार नाहीये. मी गोष्ट सांगणार आहे एका लॉर्डची. खऱ्याखुऱ्या. किल्ला, जमीनजुमला, पार्लमेंटमधली जागा, सगळं असलेल्या. ज्याला आयुष्यात एकदाही हात काळे करायची गरज नव्हती, आणि ज्याने उमेदीची सगळी वर्षं भट्टीसमोर काढली.

(मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची सर्व जबाबदारी संपादक मंडळावर!)

तर या लॉर्डचं नाव विल्यम पार्सन्स. जन्म १८०० सालचा. आधी डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज, मग ऑक्सफर्ड, १८२२ साली गणितात फर्स्ट क्लास. विशीच्या आसपास, म्हणजे आपल्या वयाचा असतानाच, खासदार! १८३४ मध्ये त्याने खासदारकी सोडली, आणि १८४१ मध्ये वडील गेल्यावर तो ‘तिसरा अर्ल ऑफ रॉस’ झाला. आयर्लंडच्या मधोमध बर नावाचं गाव आहे, तिथला बर कॅसल हे त्यांचं घर. गावाचं तेव्हाचं नावसुद्धा पार्सन्सटाउन. म्हणजे अख्ख्या गावाला यांचं आडनाव. आता अशा माणसाने काय करावं? शिकारीला जावं, पार्ट्या द्याव्यात, स्वतःचं तैलचित्र काढून घ्यावं. याने ठरवलं, जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण बांधायची.

का? तर आकाशात ठिकठिकाणी धुरकट ठिपके दिसतात, ज्यांना तेव्हा सरसकट नेब्युला म्हणजे तेजोमेघ म्हणत. ते खरंच ढग आहेत, की लांब असल्यामुळे एकमेकांत मिसळून गेलेले तारे आहेत, हे कुणाला सांगता येईना. जास्त प्रकाश गोळा करायचा तर आरसा मोठा हवा. विल्यम हर्शेलने १७८९ मध्ये ४८ इंची आरसा असलेली दुर्बीण बांधली होती. त्याच्यापुढे कुणी गेलं नव्हतं.

आता खरी गंमत अशी की, ही वस्तू विकत मिळतच नव्हती. पैसा असून उपयोग काय? एवढा आरसा बनवणारा कारखाना जगात नव्हता. काचेवर चांदीचा थर देऊन दुर्बिणीचा आरसा करायची पद्धत आली १८५० च्या दशकात. त्याआधी आरसे धातूचे असत. स्पेक्युलम मेटल नावाचा मिश्रधातू, वजनाने साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग कथील. आपल्या घरातल्या काशाच्या भांड्यातही हेच दोन धातू असतात, पण कथील बरंच कमी. कथील वाढवलं की धातू पांढराशुभ्र होतो, छान पॉलिश घेतो. पण काचेसारखा ठिसूळही होतो. ओतल्यावर एक बाजू जरा लवकर थंड झाली, की खेळ खलास, तडा. मटेरियल सायन्सच्या पेपरात आपण ‘थर्मल स्ट्रेसेस’ वर पाच मार्कांची टीप लिहितो ना, तीच टीप या माणसाच्या डोळ्यांदेखत पुन्हा पुन्हा फुटत होती.

मग याने काय केलं? आधी अख्खा आरसा ओतायचा नादच सोडून दिला आणि धातूचे लहान लहान पातळ तुकडे पितळेच्या पाठीवर झाळून एक आरसा केला. त्यातही डोकं बघा. त्याने पितळेतलं तांबं-जस्ताचं प्रमाण असं ठरवलं, की ते पितळ आणि स्पेक्युलम तापल्यावर सारखेच प्रसरण पावतील. आरसा जमला, पण तुकड्यांच्या सांध्यांमुळे प्रतिमेत दोष दिसायचा. मग पुन्हा एकसंध आरशाकडे. वाळूच्या साच्यात ओतून बघितलं. शेवटी त्याने साच्याचा तळच बदलला. लोखंडी पट्ट्या उभ्या करून, एकमेकींना घट्ट चिकटवून त्यांचा तळ केला. लोखंडामुळे धातू तळाकडून वर असा एका दिशेने थंड व्हायचा, आणि पट्ट्यांमधल्या बारीक फटींतून आतला वायू निघून जायचा, धातू मात्र जायचा नाही. कास्टिंगमधली ‘डायरेक्शनल सॉलिडिफिकेशन’ आणि ‘व्हेंटिंग’ ही दोन प्रकरणं आपण पाठ करतो. या माणसाने ती गरजेपोटी स्वतः शोधून काढली, तीही गावातल्या माणसांना हाताशी धरून. लोहार, सुतार, गवंडी सगळे तिथलेच, त्याने स्वतः शिकवून तयार केलेले. भट्टीचं इंधनसुद्धा गावचंच, दलदलीतून काढून वाळवलेलं पीट.

१८३९ च्या सुमारास ३६ इंची आरसा जमला. एवढ्यावर थांबला असता तरी नाव झालं असतं. पण नाही. १३ एप्रिल १८४२ च्या रात्री बर कॅसलच्या आवारात तीन क्रुसिबलमधून एकाच वेळी धातू ओतला गेला, ७२ इंची आरशासाठी. ७२ इंच म्हणजे सहा फूट. आपल्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन त्यावर आडवा झोपेल. वजन सुमारे तीन टन. लालभडक आरसा ओव्हनमध्ये सरकवून, ओव्हन बंद करून, तब्बल १६ आठवडे थंड होऊ दिला. आपलं अख्खं सेमिस्टर साधारण तेवढंच असतं!

आणि इतकं करूनही एका ओतकामात भागलं नाही. पुन्हा पुन्हा ओतावं लागलं, तेव्हा कुठे वापरण्याजोगे दोन आरसे हातात आले. दोन का? कारण हा धातू हवेत काळवंडतो. एक दुर्बिणीत असताना दुसऱ्याला पुन्हा पॉलिश. ग्राइंडिंग आणि पॉलिशिंगसाठी त्याने वाफेच्या इंजिनावर चालणारं मशीन स्वतः डिझाइन केलं. घासताना आरसा तापू नये म्हणून तो पाण्याच्या हौदात ठेवून फिरवायचे. आरसा मशीनवरून न उचलता तपासता यावा म्हणून बरोबर त्याच्या डोक्यावर, उंच खांबावर घड्याळाची तबकडी लावून तिची प्रतिमा बघायचे. इन-प्रोसेस इन्स्पेक्शन म्हणतात ते हेच. तीन टनांचा आरसा स्वतःच्याच वजनाने वाकू नये म्हणून त्याला खालून तरफांच्या जाळ्यावर २७ ठिकाणी आधार दिला होता. तरफांची ही कल्पना होती डब्लिनच्या टॉमस ग्रब या कारागिराची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुर्बिणीची नळी ५० फुटांहून लांब, पिंपासारखी लाकडी फळ्यांची, वर लोखंडी पट्टे आवळलेले. इतकी रुंद की उद्घाटनाच्या वेळी एक पाद्रीबुवा छत्री उघडून तिच्यातून चालत गेले असं सांगतात. ही नळी दगडी बांधकामाच्या दोन उंच भिंतींमध्ये साखळ्यांनी टांगलेली. त्यामुळे ती वर-खाली भरपूर हलायची, पण बाजूला फार थोडी. म्हणजे एखादा तारा दिसायचा तो तासभरच, मग भिंतीआड. माणसं विंचने नळी फिरवणार, निरीक्षक वर सज्जात अंधारात, थंडीत उभा. आणि वर आयर्लंडची हवा, म्हणजे ढग! कुणी विचारलं असतं की ‘सर, हा प्रोजेक्ट फीजिबल आहे का’, तर आपल्या कमिटीने सिनॉप्सिसच परत पाठवला असता.

फेब्रुवारी १८४५ मध्ये दुर्बीण सुरू झाली आणि त्याच एप्रिलमध्ये लॉर्ड रॉसने तिच्यातून एम-५१ हा तेजोमेघ पाहिला. सप्तर्षीच्या शेपटीच्या टोकाला मरीची तारा आहे, त्याच्याजवळ. आधीच्या लोकांना तिथे फक्त धूसर गोळा आणि कडं दिसलं होतं. याला दिसला भोवरा. चक्क गरगर फिरणाऱ्या पाण्यासारखे फाटे. फोटो काढायची सोय नव्हती, म्हणून डोळ्यांनी बघत, हाताने चित्र काढलं. ते चित्र आजच्या फोटोशेजारी ठेवलं तर थक्क व्हायला होतं. तो भोवरा म्हणजे कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर असलेली एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हे त्याला माहीत नव्हतं. एडविन हबलने १९२० च्या दशकात असे भोवरे आपल्या आकाशगंगेबाहेरचे आहेत हे सिद्ध केलं. पण भोवरे आहेत, हे पहिल्यांदा दिसलं ते त्या पिंपासारख्या नळीतून. ही दुर्बीण १९१७ पर्यंत, म्हणजे ७२ वर्षं, जगातली सर्वांत मोठी राहिली.

इथे काही जण म्हणतील, ‘ठीक आहे गं, पण त्याच्याकडे पैसा होता.’ होताच. दुर्बिणीचा खर्च १२,००० पौंड सांगितला जातो, आणि त्यात त्याच्या बायकोच्या माहेरच्या इस्टेटीचाही मोठा वाटा होता. (ही मेरी रॉस स्वतः फोटोग्राफर होती. त्या दुर्बिणीचे सुरुवातीचे फोटो तिनेच काढलेत. लेडीज हॉस्टेलने नोंद घ्यावी.) आणि हा पैसा कुठून यायचा, हेही लपवायचं कारण नाही. कुळांच्या खंडातून. त्या काळचं आयर्लंड म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातला, जमीनदारांनी वाटून घेतलेला देश. दुर्बीण सुरू झाली त्याच वर्षी, १८४५ मध्ये, बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ सुरू झाला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. लॉर्ड रॉसने दुर्बीण जवळजवळ बंद ठेवली आणि काही वर्षं मदतकार्यात घालवली. किल्ल्याच्या आवारात बांधकामं काढून शेकडो लोकांना रोजगार दिला. हे चांगलंच केलं. पण ज्या व्यवस्थेत कुळं उपाशी मरतात आणि मालक दुर्बीण बांधू शकतो, तिच्यावर तो स्वतः उभा होता, हेही तितकंच खरं. म्हणून मी त्याच्या ‘लॉर्ड’पणाची फॅन नाही. मला आवडतं ते त्याचं वर्कशॉप.

आणि पैशाचा मुद्दा उलटा करून बघा ना. त्याच्याइतका पैसा असलेले लॉर्ड आयर्लंडात आणि इंग्लंडात बरेच होते. मग सहा फुटांचा आरसा एकालाच का जमला? कारण बाकीच्यांनी विकत मिळतं तेवढंच घेतलं. पैशाने तांबं, कथील आणि पीट येतं. आरसा येतो तो तडे मोजून.

याहून मोठी गोष्ट मला वाटते ती अशी. हर्शेलने आरसे घासायची आपली पद्धत प्रसिद्ध केली नाही. दुर्बिणी विकणं हा त्याचा व्यवसाय होता. लॉर्ड रॉसने १८२८ पासून आपले प्रयोग छापायला सुरुवात केली. मिश्रधातूचं प्रमाण, साचा, भट्टी, मशीन, सगळं. काय जमलं तेही, आणि काय फसलं, का फसलं तेही. ज्याला आरसा बनवायचाय त्याने वाचावं आणि बनवावा. विल्यम लॅसेल नावाचा लिव्हरपूलचा एक दारूभट्टीवाला १८४४ मध्ये बरला येऊन ते मशीन बघून गेला, परत जाऊन त्याने स्वतःचं वेगळं मशीन आणि २४ इंची आरसा केला, आणि १८४६ मध्ये त्यातूनच नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन शोधला. एका माणसाच्या फसलेल्या कास्टिंगचा हिशेब दुसऱ्याच्या कामी आला तो असा.

तो सगळीकडे बरोबर होता असंही नाही. मृग नक्षत्रातला मोठा तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचाच पुंजका आहे, असं त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना वाटलं होतं. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने स्पेक्ट्रोस्कोप लावून दाखवलं की काही तेजोमेघ खरोखरच वायूचे आहेत, आणि मृगातला त्यातलाच. पण त्याची निरीक्षणं लिहिलेली होती, चित्रं काढलेली होती, म्हणून तपासता आली. खोटी रीडिंग्ज कधी चुकत नाहीत. हाच त्यांचा सगळ्यात मोठा दोष आहे.

आता थोडं आपल्या ब्रँचविषयी. लॉर्डसाहेबांची मुलं शाळेत गेली नाहीत. घरी शिकवायला मास्तर होते आणि खेळायला बापाचं वर्कशॉप. त्यातला धाकटा चार्ल्स पार्सन्स. याने १८८४ मध्ये बहुपायरी स्टीम टर्बाइन बनवला. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या समारंभात, जमलेल्या सगळ्या आरमारासमोर, त्याची छोटीशी बोट ‘टर्बिनिया’ इतकी सुसाट धावली की तिला पकडायला निघालेल्या नेव्हीच्या बोटी मागेच राहिल्या. कोराडीला किंवा चंद्रपूरला इंडस्ट्रियल व्हिजिटला जाऊन आपण ज्या टर्बाइनसमोर ग्रुप फोटो काढतो, त्याचं घराणं तिकडचं. बापाने तारे बघायला जे वर्कशॉप उभं केलं, त्यातून पोराने जगाला वीज दिली. कुठल्या सिलॅबसमध्ये हे आधी लिहिता आलं असतं?

आणि तो ग्रब लक्षात आहे ना? त्याच ग्रबच्या डब्लिनच्या कारखान्यातून पुढे एक २० इंची दुर्बीण थेट पुण्याला आली. तेव्हाच्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या सीओईपीमध्ये, प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली, तिच्यासाठी. भारतातली तेव्हाची सर्वांत मोठी दुर्बीण, आणि तीही एका इंजिनियरिंग शिकवणाऱ्या कॉलेजात! १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण गेली कोडाईकनालला. माणूस गेला की वर्कशॉपला कुलूप, हा आपला जुना आजार दिसतोय.

आता यावर उपाय सांगते. नुसतं ‘विद्यार्थ्यांनी विचार करावा’ असं लिहून लेख संपवायची पद्धत आहे, पण मला तीन नेमक्या गोष्टी मागायच्यात.

एक. प्रत्येक जर्नलमध्ये ‘काय फसलं’ असं एक पान ठेवा, आणि त्याला मार्क द्या. रीडिंग ग्राफवर बसत नसेल तर ते तसंच लिहायचं, आणि का बसलं नाही याचा अंदाज लिहायचा. आज आपण खोटं लिहितो ते केवळ आळसाने नाही. खरं लिहिलं तर मार्क जातात, हे आपल्याला पहिल्या सेमिस्टरलाच कळलेलं असतं. हा मुद्दा सरांसाठी आहे. रागावू नका सर, पण विचार करा.

दोन. वर्कशॉप संध्याकाळी दोन तास उघडं ठेवा. पाचला कुलूप लागतं आणि आपण मग कॅन्टीनमध्ये बसून इंडस्ट्रीला नावं ठेवतो. आपल्या वर्कशॉपमधल्या काकांना लेथवर जे येतं, त्यातलं निम्मंही कुठल्या पुस्तकात नाही. त्यांना ‘इन्स्ट्रक्टर’ म्हणून हजेरीपुरतं वापरतो आपण. लॉर्ड रॉसने अशाच माणसांना घेऊन जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण केली.

तीन. हा मुद्दा विद्यार्थ्यांसाठी. या वर्षी हॉस्टेलच्या गच्चीसाठी एक सहा इंची आरसा आपण स्वतः घासू या. काचेचाच, भट्टीची गरज नाही. काचेच्या दोन जाड चकत्या, कार्बोरंडमची पूड, पाणी, थोडा पीच आणि भरपूर पेशन्स. आपल्याकडचे कितीतरी हौशी लोक हे घरी करतात. रॉसच्या आरशाच्या बाराव्या हिश्श्याचा असेल, पण त्यातून शनीची कडी दिसतील. आणि वर्कशॉपमध्ये स्वतः घासलेल्या आरशातून दिसलेला शनी आणि मोबाइलवर दिसलेला शनी, यात फरक आहे. तो काय, हे शब्दात लिहिता येत नाही. घासून बघावं लागतं.

बर कॅसलची ती दुर्बीण १९०८ च्या सुमारास उतरवली होती. १९९० च्या दशकात ती पुन्हा उभी केली, आज लोक तिकीट काढून बघायला जातात. जुन्या दोन आरशांपैकी एक लंडनच्या सायन्स म्युझियमला आहे. त्यात आता तारे दिसत नाहीत. पण मला विचाराल तर त्या माणसाची खरी कमाई तो आरसा नाहीच. ती आहे त्याने छापलेली ती पानं, ज्यांत त्याने लिहून ठेवलंय की हे असं ओतलं, हे इथे तडकलं, आता असं करून बघतोय.

आपल्या जर्नलमध्ये असं एकच पान यावं. पुढचा जॉब वारसाहक्काने मागायच्या आधी एकदा फाइल हातात घेऊन बघा. फोड येतील. येऊ देत!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल